विश्लेषण : आयरिश व्हिस्कीच्या एका बाटलीसाठी लाखो रुपये का मोजले जातात?

आयर्लंडमधील कॉर्क परगण्यातील मिडलटन येथून २०२० मध्ये ४५ वर्षे मुरलेली एक व्हिस्की विक्रीस आली. बाटल्या अवघ्या ४४ आणि प्रत्येकीची किंमत ३५ हजार युरो, म्हणजे २५ लाख रुपयांहून अधिक. ‘मिडलटन व्हेरी रेअर सायलेंट डिस्टिलरी’ मालिकेतील ही पहिली व्हिस्की. संग्राहकांना तिचे एवढे आकर्षण का?

ही दुर्मीळता खरी आहे का?

‘मर्यादित’ बाटल्या अनेक कंपन्या काढतात. किती काढायच्या हे त्याच ठरवतात. इथे मात्र साठाच संपत आलेला आहे. ही व्हिस्की १९७४ मध्ये जुन्या मिडलटन कारखान्यात तयार झाली. १८२५ मध्ये सुरू झालेला हा कारखाना १९७५ मध्ये बंद पडला आणि शेजारीच नवा उभा राहिला. जुन्या भट्ट्यांतून आता नवा थेंबही निघणार नाही.

कारखाना बंद का झाला?

अमेरिकेतील दारूबंदी, ब्रिटनशी व्यापारयुद्ध आणि स्कॉचची स्पर्धा यांमुळे आयरिश व्हिस्कीचा व्यवसाय डबघाईला आला होता. तगून राहण्यासाठी १९६६ मध्ये जेमसन, पॉवर्स आणि कॉर्क डिस्टिलरीज एकत्र आल्या. पुढे त्यांचे उत्पादन मिडलटनच्या नव्या कारखान्यात एकवटले. थोडक्यात, आजची चैनीची बाटली ही त्या पडझडीतून उरलेली शिल्लक आहे.

मग उरले इतके कमी कसे?

लाकडी पिंपातून व्हिस्की सतत उडत असते. व्यवसायात याला ‘देवदूतांचा वाटा’ म्हणतात. आयर्लंडमध्ये तो वर्षाला साधारण दोन टक्के धरला जातो. या हिशेबाने ४५ वर्षांत निम्म्याहून अधिक माल हवेत जातो.

संग्राहकांनी काय ध्यानात ठेवावे?

व्हिस्की पिंपात मुरते, काचेत नाही. बाटली आणखी २० वर्षे कपाटात ठेवली तरी तिचे वय ४५ च राहते. वाढली तर किंमत वाढते, तीही पुढचा ग्राहक मिळाला तरच. शिवाय महागड्या व्हिस्कीच्या बाजारात बनावट मालही फिरतो. त्यामुळे सील, बाटलीतील पातळी आणि खरेदीची कागदपत्रे तपासावी लागतात. बाटली उभी ठेवावी लागते, कारण आडवी ठेवल्यास मद्यार्काने बूच खराब होते. आणि बूच उघडले, की चव कळते. पण गुंतवणूक तिथेच संपते.