मामा म्हणजे आई, दादा म्हणजे बहीण : केनियातल्या माकुएनी जिल्ह्याची ओळख

अभ्यासदौरा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे शेजारचा तालुका येतो, फार तर हिवरे बाजार किंवा राळेगणसिद्धी. या अंकात जरा लांब जाऊ या. पूर्व आफ्रिकेत केनिया नावाचा देश आहे, त्यातला माकुएनी हा जिल्हा. उद्या तुमच्यापैकी कुणाला तिकडे जायची संधी मिळाली, नाहीतर कुणाचा मुलगा किंवा जावई नोकरीसाठी गेला, तर काय दिसेल, कसं वागायचं, हे आधी माहीत असलेलं बरं. आणि जाणं नाही झालं तरी गटाच्या बैठकीत बोलायला यात पुष्कळ आहे.

मुंबईहून विमानाने साधारण सहा तासांत नैरोबी. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे चालतं. नैरोबीहून मोम्बासा बंदराकडे जो मोठा रस्ता जातो, त्यावर एमाली, माकिंडू, किब्वेझी, म्टिटो अंडेई ही माकुएनीतली गावं लागतात. जिल्ह्याचं मुख्य ठिकाण वोटे मात्र आतल्या बाजूला आहे. १९९२ साली माचाकोस जिल्ह्याचे दोन भाग होऊन माकुएनी वेगळा झाला. २०१० मध्ये केनियाची नवी राज्यघटना आली आणि २०१३ पासून जिल्ह्याला स्वतःचं निवडून दिलेलं सरकार मिळालं. त्याला तिथे काउंटी म्हणतात. २०१९ च्या जनगणनेत लोकसंख्या दहा लाखांना थोडी कमी भरली. बहुतेक लोक कांबा समाजाचे, घरात किकांबा बोलतात, बाजारात स्वाहिली आणि कचेरीत इंग्रजी.

स्वाहिली ऐकताना गंमत वाटेल. पैशाला 'पेसा', हिशोबाला 'हेसाबु', गाडीला 'गारी', दुकानाला 'दुका', चहाला 'चाय'. जुन्या समुद्रव्यापाराच्या या खुणा. पण नात्यांच्या शब्दांत घोटाळा होतो बरं का! तिथे 'मामा' म्हणजे आई, 'दादा' म्हणजे बहीण आणि 'काका' म्हणजे भाऊ. वयाने मोठ्या बाईला मामा म्हणायचं, तिच्या मुलाचं नाव पुढे जोडून. कुणी तुम्हाला मामा म्हणालं तर हसू नका, तो मान आहे.

आता मुद्द्याचं. माकुएनी हा कमी पावसाचा मुलूख आहे. म्बूनीच्या डोंगरावर बरा पडतो, पण खालच्या भागात पाचशे मिलिमीटरही होत नाही. माण-आटपाडीच्या तायांना लगेच समजेल. पाऊस वर्षातून दोनदा येतो, मार्च ते मे आणि ऑक्टोबर ते डिसेंबर. शेतकऱ्यांचा भरवसा दुसऱ्यावर जास्त. पिकं कोणती? मका, चवळी, तूर आणि मूग! मुगाला तिथे 'न्डेंगू' म्हणतात, आणि न्डेंगूची आमटी नि चपाती हे साध्या खानावळीतलं नेहमीचं जेवण आहे. तूर मात्र डाळ न करता अख्खीच शिजवतात, मक्याबरोबर. भरडून टरफल काढलेल्या मक्याचा 'मुथोकोई' ही खास कांबा घरातली चव. शाकाहारी बाई तिथे उपाशी राहणार नाही.

डोंगरउतारावर शेताचे टप्पे दिसतील. त्यांची पद्धत 'फान्या जू', म्हणजे 'वर टाक'. चर खणायचा आणि माती खाली न टाकता चराच्या वरच्या बाजूला टाकायची. त्या बांधामागे वाहून आलेली माती साठत जाते आणि काही वर्षांत उतार आपोआप सपाट होतो. इंग्रजांच्या काळात हे काम सक्तीने करून घेतलं गेलं तेव्हा लोकांनी राग धरला. पुढे गावाच्या गटांनी तेच काम आपल्या मर्जीने केलं, आणि ते टिकलं. या गटांना 'म्वेथ्या' म्हणतात, आपली सावड किंवा इर्जिक म्हणा ना. पुरुष कामाला नैरोबी-मोम्बासाला गेलेले, त्यामुळे म्वेथ्यात बायाच जास्त.

याच बायांनी वाळूचे बंधारेही बांधले. तिथल्या नद्या पावसात चार दिवस धो धो वाहतात आणि मग कोरड्या वाळूचा पट्टा उरतो. उन्हाळ्यात बाया त्यात झिरा उकरून वाटी-वाटीने पाणी भरतात. आपल्याकडे हे नवीन नाही. तिथे नदीच्या तळात पक्का खडक लागेल अशी जागा शोधतात आणि खडकावरून आडवी दगड-सिमेंटची भिंत उचलतात. पूर आला की जड वाळू भिंतीमागे बसते, हलका गाळ पाण्याबरोबर वरून निघून जातो. एक-दोन किंवा जास्त पावसाळ्यांत भिंत काठोकाठ वाळूने भरते. आपण म्हणू, बंधारा बुजला! पण बुजला म्हणजेच तयार झाला. वाळूच्या कणांमधल्या पोकळीत पाणी राहतं, एकूण आकारमानाच्या पाव हिश्शापासून चाळीस टक्क्यांपर्यंत. वर ऊन तापलं तरी ते फारसं उडत नाही, त्यात डास होत नाहीत, आणि वाळूतून गाळून येतं. मग नळी किंवा हातपंपाने काढायचं. सिमेंट बहुधा मदतीतून येतं, पण दगड, वाळू, पाणी गोळा करणं आणि अंगमेहनत गटाची.

आता अडचण बघा. नैरोबीत इमारती वाढल्या आणि वाळूला भाव आला. रात्री ट्रक येतात, गावातली पोरं भरून देतात, हातात रोख पडते. पोरांना दोष देणं सोपं आहे, पण दुसरं काम कुठे आहे? तरी वाळू गेली की नदीतलं पाणीही गेलं, आणि हंडा घेऊन चालायचं कुणाला, हे मी सांगायला नको. माकुएनीच्या सरकारने २०१५ मध्ये वाळू वाचवण्यासाठी स्वतःचा कायदा केला. माझ्या मते जिल्ह्यात बघण्यासारखी पहिली गोष्ट हीच. गेलात तर बंधाऱ्यावर जा आणि राखण कोण करतं ते विचारा.

बचतीला तिथे 'चामा' म्हणतात. सगळ्यात साधा प्रकार 'मेरी-गो-राउंड', म्हणजे आपली भिशी. दुसरा 'टेबल बँकिंग': जमलेले पैसे त्याच बैठकीत टेबलावर मोजून लगेच कर्जाऊ द्यायचे, घरी काहीच न्यायचं नाही. काही गटांत पेटीला तीन कुलुपं आणि किल्ल्या तीन बायांकडे. वर्षअखेरीस सगळी बचत व्याजासकट वाटून टाकायची आणि पुन्हा शून्यापासून सुरुवात. आपण तसं करत नाही, गटाचं भांडवल वाढवून बँकेकडून मोठं कर्ज घेतो. मला आपलीच रीत पुढे नेणारी वाटते, पण वर्षाला एकदा सगळा हिशोब सर्वांसमोर मोकळा होतो, हे त्यांचं घेण्यासारखं आहे. पैसे पाठवायला २००७ पासून एम-पेसा आहे, साध्या मोबाईलवर चालतं.

जमीन मात्र बहुधा नवऱ्याच्या नाहीतर सासऱ्याच्या नावावर. घटनेने हक्क दिलाय, रूढी देत नाही. यावर तिथल्या बाया मोकळेपणाने बोलतील, फक्त त्यांच्या घरच्या पुरुषांसमोर विषय काढू नका.

जाण्यापूर्वी: ऑनलाइन प्रवास-परवानगी काढावी लागते. पीतज्वराची लस निदान दहा दिवस आधी घ्या आणि दाखला जपा, नाहीतर परत येताना आपल्याच विमानतळावर अडवतील. मलेरियाच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारा. भेटल्यावर हात मिळवून घरच्यांची विचारपूस करायची, घाई केलेली आवडत नाही. न विचारता फोटो काढू नका. रंगावरून शेरे तर मराठीतसुद्धा नकोत, स्वर कळतो.

मुक्कामाला माकिंडूचा गुरुद्वारा आहे. १८९६ ते १९०१ मध्ये रेल्वे बांधायला पंजाबातून नेलेल्या मजुरांमुळे तिथे शीख वस्ती झाली आणि १९२६ मध्ये हा गुरुद्वारा उभा राहिला. कुठल्याही वाटसरूला लंगर आणि खोली मिळते. आणि हो, प्लास्टिकच्या पिशव्या नेऊ नका, २०१७ पासून बंदी आहे आणि दंड जबर आहे. तिथल्या बाया चालता चालता घायपाताचा दोरा वळतात आणि त्याची 'किओंडो' टोपली विणतात. बाजाराला तीच वापरा, घासाघीस थोडी चालते.