जू बदलणे म्हणजे मुक्ती नव्हे

पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर केडगाव हे एक लहानसे स्थानक आहे. गाडी तेथे क्षणभर थांबते आणि पुढे निघते. या स्थानकाजवळ पंडिता रमाबाईंनी गेल्या शतकाच्या उंबरठ्यावर निराधार स्त्रियांसाठी जी वसाहत उभारली, तिचे नाव त्यांनी ‘मुक्ती’ असे ठेवले. हा शब्द त्यांनी कोणा परकीय भाषेतून आणला नव्हता. ज्या परंपरेत त्या वाढल्या, तिच्याच तत्त्वचिंतनातला तो सर्वोच्च शब्द होता. ख्रिस्ती झालेल्या एका संस्कृत पंडितेला आपल्या श्रद्धेचे सार सांगण्यासाठी हाच शब्द का जवळचा वाटावा, या प्रश्नाचे उत्तर शोधू गेल्यास रमाबाईंच्या साऱ्या आयुष्याचा धागा हाती लागतो.

रमाबाईंच्या धर्मांतराची चर्चा आपल्याकडे शंभर वर्षांहून अधिक काळ चालू आहे. कोणी त्याला धर्मद्रोह म्हटले, कोणी कृतघ्नता म्हटले, तर कोणी त्याचा विजयपताकेसारखा उपयोग केला. या सर्व पक्षांनी एक गोष्ट गृहीत धरली: बाई एका छावणीतून उठून दुसऱ्या छावणीत गेल्या. रमाबाईंचा पत्रव्यवहार आणि त्यांची १९०७ साली प्रसिद्ध झालेली साक्ष वाचली, की हे गृहीतच डळमळू लागते.

अठरा हजार श्लोक आणि दोन घास

२३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात रमाबाईंचा जन्म झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण, वैष्णव भक्त आणि व्यासंगी विद्वान. पत्नीला संस्कृत शिकवण्याचे धाडस त्यांनी केले आणि त्यासाठी स्वजनांचा रोष पत्करला. पुढे त्याच माउलीने कन्येला भागवत मुखोद्गत करवून घेतले. हे कुटुंब पुराणे सांगत, तीर्थे पालथी घालीत, व्रतेउपोषणे करीत देशभर हिंडले. दुष्काळाने त्यांना गाठले तेव्हा भीक मागणे शास्त्रीबुवांच्या स्वभावात नव्हते आणि मजुरी करण्याची सवय कोणालाच नव्हती. १८७४ साली काही महिन्यांच्या अंतराने आधी वडील, मग आई आणि त्यानंतर थोरली बहीण गेली. अठरा हजार श्लोक कंठात असलेली मुलगी भावाबरोबर पायी भटकू लागली. पोटात मात्र दोन घास नव्हते.

१८७८ साली ही भावंडे कलकत्त्याला पोहोचली. तेथील पंडितांनी रमाबाईंच्या विद्वत्तेचा गौरव करून त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. स्त्रियांना त्यांच्या धर्मावर व्याख्याने द्यावीत, अशी विनंती त्यांना झाली आणि त्या निमित्ताने त्यांनी धर्मशास्त्रे बारकाईने वाचली. तेथेच त्यांच्या मनाला पहिला तडा गेला. आपल्या साक्षीत त्या सांगतात, की हे ग्रंथ पुष्कळ बाबतीत परस्परांशी भांडत असले तरी स्त्री स्वभावतः हीन आहे आणि पुरुषाप्रमाणे मोक्षाची अधिकारी नाही, याविषयी त्यांचे एकमत त्यांना आढळले. सरस्वती म्हणून जिचा सत्कार झाला, तिलाच मोक्षाच्या दारातून परत फिरवले जात होते.

१८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी जातीबाहेरच्या बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. आसामातील सिल्चरच्या घरी पतीच्या पुस्तकांत त्यांना बंगाली भाषेतील लूकचे शुभवर्तमान सापडले आणि त्यांची जिज्ञासा जागी झाली. १८८२ साली पटकीने पतीचे निधन झाले. तान्ह्या मनोरमेला घेऊन त्या पुण्याला आल्या. आर्य महिला समाज, ‘स्त्रीधर्मनीति’ हा ग्रंथ आणि हंटर आयोगापुढील साक्ष ही त्याच वर्षातली कामे. वैद्यकीय शिक्षणाच्या ओढीने १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या.

फुलहॅम येथील घर

इंग्लंडमध्ये वाँटेज येथील भगिनीसंघाकडे त्या राहिल्या. श्रवणदोषामुळे वैद्यकीचा विचार सोडावा लागला. याच काळात त्यांना लंडनजवळच्या फुलहॅम येथे नेण्यात आले. समाजाने पतित ठरवलेल्या स्त्रियांसाठी भगिनींनी चालवलेले ते आश्रयस्थान होते. अशा स्त्रियांना दगड मारणारे लोक रमाबाईंनी पाहिले होते. त्यांना जवळ बसवून माणसात आणणारे लोक त्या प्रथमच पाहत होत्या. हे तुम्ही कशासाठी करता, असे त्यांनी विचारले, तेव्हा एका भगिनीने त्यांना येशू आणि शमरोनी स्त्री यांच्या भेटीची कथा वाचून दाखवली. विहिरीवर पाणी भरायला आलेली ती स्त्री परजातीची आणि लोकापवादाने डागाळलेली. परंतु उपासना स्थानावर अवलंबून नसते, ती आत्म्याने आणि सत्याने करायची असते, हे गहन तत्त्व येशूने तिलाच सांगितले. मोक्षाच्या दाराशी अडवल्या गेलेल्या विदुषीला या कथेत काय दिसले असेल, हे समजणे कठीण नाही. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे रमाबाई आणि मनोरमा यांचा बाप्तिस्मा झाला.

येथे या कथेचा शेवट झाला असता, तर ती इतर अनेक धर्मांतरकथांपैकी एक ठरली असती. खरा संघर्ष पुढेच आहे.

नव्या घरातील बंड

ज्या भगिनींनी आश्रय दिला, त्यांची अपेक्षा स्वाभाविक होती: नवशिष्येने चर्चची शिकवण निमूटपणे स्वीकारावी. रमाबाईंनी प्रश्न विचारायला आरंभ केला. त्रैक्याचा सिद्धान्त, चमत्कार, चर्चची मतपत्रे यांपैकी जे बुद्धीला आणि शास्त्रवचनाला पटत नाही, ते केवळ धर्मगुरू सांगतात म्हणून मान्य करण्यास त्यांनी नकार दिला. शाकाहार त्यांनी सोडला नाही. चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात शिकत असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना भारतीय भाषा शिकवाव्यात, अशी कल्पना निघाली. हिंदुस्थानातील बिशपांनी त्याला हरकत घेतली, तेव्हा रमाबाई संतापल्या. ज्या देशात पुरुषांच्या सभेत शास्त्रार्थ करून आपण मान मिळवला, त्या देशाच्या नावाने आता आपल्याला पुरुषांपुढे उभे राहू नका असे सांगितले जाते, याचे त्यांना वैषम्य वाटले.

भगिनी जेराल्डिन यांना लिहिलेल्या पत्रांत रमाबाईंनी आपली भूमिका कोणताही आडपडदा न ठेवता मांडली. मोठ्या कष्टाने आपण एका पुरोहितवर्गाचे जोखड मानेवरून उतरवले आहे, आता तसलेच दुसरे मानेवर घेण्याची आपली इच्छा नाही, असे त्यांनी स्पष्ट कळवले. ईश्वराने आपल्याला सदसद्विवेकबुद्धी दिली आहे, तिच्या वतीने निर्णय करण्याचा अधिकार आपण कोणालाही देऊ शकत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. या बाई त्या वेळी परदेशात, परावलंबी, विधवा आणि एका लहान मुलीची आई होत्या. ज्यांचे अन्न खात होत्या, त्यांनाच हे सांगत होत्या. महाराष्ट्रात त्याच सुमारास त्यांच्यावर टीकेचा भडिमार चालू असताना महात्मा जोतीराव फुले यांनी १८८५ साली ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू घेतली, यामागचे मर्मही येथेच आहे. धर्म पारखून घेण्याचा हक्क स्त्रीलाही आहे, हा मूळ मुद्दा होता.

याहून महत्त्वाची एक कबुली रमाबाईंनी दिली आहे. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांच्या लक्षात आले, की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त मिळाला नाही. बुद्धीने स्वीकारलेली मते आणि अंतःकरणाला लाभलेली शांती यांत केवढे अंतर असते, हे त्यांनी स्वतःवर प्रयोग करून सांगितले. व्रते, तीर्थे आणि पाठांतर यांनी जे साधले नाही, ते नव्या धर्माच्या मतांनी आणि विधींनीही साधत नाही. आपल्या योग्यतेचा हिशेब सोडून केवळ कृपेवर विसंबण्यात त्यांना मोकळेपणा लाभला. तुकोबांच्या अभंगांवर पोसलेल्या मराठी वाचकाला ही भाषा अगदीच अनोळखी वाटू नये.

दारे उघडी ठेवण्याची किंमत

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले आणि पुढील वर्षी ते पुण्यास आले. महर्षी कर्वे यांच्याशी पुढे विवाह झालेल्या आनंदीबाई याच सदनाच्या सुरुवातीच्या विद्यार्थिनींपैकी. येथे कोणावर धर्माची सक्ती नव्हती. मात्र रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत, तेव्हा दार बंद करीत नसत आणि काही मुली तेथे येऊन बसत. यावरून वादळ उठले. ‘केसरी’ने कठोर टीका केली. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांसारख्या हितचिंतकांनी १८९३ साली सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला आणि पालकांनी मुली काढून नेल्या.

या वादात रमाबाईंच्या विरोधकांची बाजू सर्वस्वी पोकळ होती, असे म्हणता येत नाही. निराधार मुलगी ज्या हातांतून अन्न घेते, त्या हातांच्या श्रद्धेकडे ओढली जाणारच. तिची निवड कितपत मोकळी असते? हा प्रश्न पुढे केडगावलाही लागू पडतो. १८९६–९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली घेऊन आल्या. १९०० च्या सुमारास केडगावच्या वस्तीतील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. या काळात तेथील वातावरण उघडपणे ख्रिस्ती होते. विवेकस्वातंत्र्यासाठी भगिनी जेराल्डिनशी झगडलेल्या रमाबाईंच्या छत्राखालील प्रत्येक मुलीला तेवढेच स्वातंत्र्य लाभले का, हे विचारणे म्हणजे त्यांच्याच कसोटीवर त्यांना तपासणे होय. रमाबाईंना ते अप्रस्तुत वाटले नसते.

पण त्याच वेळी दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. दुष्काळात आईबाप गमावून पायपीट केलेल्या मुलीनेच, बावीस वर्षांनंतर, दुष्काळातल्या मुलींना शोधून काढले. त्यांना तिने विणकाम, तेलघाणी, छपाई आणि शेती शिकवली, अंधांना ब्रेल लिपी शिकवण्याची सोय केली. अठरा हजार श्लोक येत असूनही आपले कुटुंब उपाशी का मेले, या प्रश्नाला दिलेले हे उत्तर होते. आत्म्याची सुटका आणि हातांचे स्वावलंबन यांची फारकत रमाबाईंनी होऊ दिली नाही.

शेवटचे काम

आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून मूळ भाषांवरून बायबलचे मराठी भाषांतर केले. संस्कृतवर असामान्य प्रभुत्व असलेल्या या पंडितेने संस्कृतप्रचुर शैली कटाक्षाने टाळली. बेताचे शिकलेल्या बाईलाही ते वाचता यावे, मध्ये कोणा शास्त्र्याची वा पाद्र्याची गरज पडू नये, हा त्यांचा हेतू होता. केडगावच्या छापखान्यात स्त्रियाच खिळे जुळवीत होत्या. १९२१ साली मनोरमा गेली. कन्येचे दुःख पचवून त्यांनी अखेरची मुद्रिते तपासली आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांची प्राणज्योत मालवली.

धर्मांतराचा विषय निघाला, की आपल्याकडे डोकी मोजली जातात आणि हेतू हुडकले जातात. माणसाच्या आत काय घडले, हे विचारण्याची सवड कोणाला नसते. रमाबाईंचे चरित्र ती सवड काढायला लावते. श्रद्धेने माणूस मोकळा झाला की नाही, हे त्याच्या कपाळावरच्या किंवा गळ्यातल्या खुणेवरून ठरत नाही. ज्यांनी आपल्याला आधार दिला, त्यांनाही विवेकाला स्मरून ‘नाही’ म्हणण्याचे बळ त्याला लाभले का, आणि आपल्याहून दुर्बळ असलेल्यासाठी त्याच्या घराचे दार उघडले का, एवढेच पाहावे लागते. केडगावच्या त्या वसाहतीला दिलेल्या नावात या दोन्ही प्रश्नांची नोंद आहे. ते प्रश्न ख्रिस्ती माणसाला जितके लागू आहेत, तितकेच इतर कोणत्याही धर्माच्या माणसाला लागू आहेत.