क्षयरोगाशी सामना : शिवडीच्या रुग्णालयापासून चाळीतल्या खोलीपर्यंत

क्षयरोगाला आवर घालण्यासाठी भारताने गेल्या शतकभरात जे जे मार्ग चोखाळले, त्यांतल्या बहुतेकांचा माग मुंबईच्या हार्बर लाइनवर कॉटन ग्रीन ते शिवडी या एका स्थानकाच्या अंतरात लागतो. कॉटन ग्रीनला नाव मिळाले कापसाच्या बाजारावरून. कोटातल्या मैदानावर गाठी रचणारा हा बाजार एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कुलाब्याला गेला आणि 1920च्या दशकात शिवडीलगत भराव घातलेल्या जमिनीवर आला. पश्चिमेला परळ-लालबागच्या गिरण्या आणि कामगारांच्या चाळी होत्या. शिवडीत जेरबाई वाडिया मार्गावर महापालिकेचे क्षयरोग रुग्णालय उभे राहिले. हजाराच्या घरात खाटा असलेले हे रुग्णालय देशातील सर्वांत मोठ्या क्षयरोग रुग्णालयांपैकी एक आहे. कापूस, गिरणी, चाळ आणि क्षयरोग रुग्णालय एकमेकांच्या शेजारी असण्याला कारणे आहेत आणि ती रोगाच्या स्वभावात सापडतात.

क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने शोधला. 24 मार्च 1882 रोजी त्याने हा शोध जाहीर केला, म्हणून हा दिवस जागतिक क्षयरोग दिन म्हणून पाळला जातो. फुप्फुसाचा क्षय झालेला माणूस खोकतो, शिंकतो किंवा बोलतो तेव्हा जंतू हवेत मिसळतात आणि कोंदट खोलीत तासन् तास तरंगत राहतात. मोकळ्या हवेत ते विरळ होतात, उन्हात मरतात. जगातील सुमारे एक चतुर्थांश लोकांच्या शरीरात हा जंतू शिरलेला असतो, परंतु त्यांच्यातील 5 ते 10 टक्क्यांनाच आयुष्यात केव्हातरी प्रत्यक्ष रोग होतो. बाकीच्यांची प्रतिकारशक्ती जंतूला दाबून ठेवते. कुपोषण, मधुमेह, एचआयव्ही, तंबाखू आणि दारू यांनी ही शक्ती खचली की जंतू डोके वर काढतो. म्हणजे लागण होण्यास दाटीची, अंधारी जागा कारणीभूत ठरते आणि लागणीचा रोग होण्यास अर्धपोटी शरीर. परळ-लालबागच्या या गिरणगावात दोन्हींची वाण नव्हती.

चाळी आणि गिरण्या

दाटी आणि रोग यांचा संबंध सरकारपुढे आला तो प्लेगच्या साथीत. सप्टेंबर 1896मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांना प्लेगचे रुग्ण आढळले. पाठोपाठ 1897चा साथरोग कायदा आला आणि घरांची सक्तीने झडती सुरू झाली. वाल्देमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस तयार करून 10 जानेवारी 1897 रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. 1899मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाउसमध्ये हलली. तीच पुढे हाफकिन इन्स्टिट्यूट झाली. दाटीची वस्ती रोगाला पोसते, हे सरकारने या साथीत मान्य केले आणि 1898मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. ट्रस्टने रुंद रस्ते काढले आणि जुनी वस्ती पाडली. परंतु पाडलेल्या खोल्यांतली माणसे पुष्कळदा शेजारच्या चाळीत शिरली आणि तेथली दाटी वाढली.

1920मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे कामगारांसाठी चाळी बांधल्या. त्याच आजच्या बीडीडी चाळी. त्यांतली खोली सुमारे 160 चौरस फुटांची. गिरणगावात कोकण आणि घाटावरून आलेले एकटे पुरुष एकेका खोलीत दाटीने राहत आणि खानावळीत जेवत. पाळ्या वेगवेगळ्या असल्याने एक कामावर निघाला की त्याच्या जागी दुसरा आडवा होई. आजारी पडलेला कामगार बहुधा गावी परते आणि त्याच्याबरोबर रोगही गावी पोचे.

गिरणीतल्या कापसाच्या तुसाचा त्रास वेगळा होता. त्यातून होणाऱ्या फुप्फुसाच्या विकाराला बिसिनोसिस म्हणतात. आठवड्याची सुटी घेऊन कामगार परतला की पहिल्याच दिवशी छाती आवळते, ही त्याची खूण. परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. एस. आर. कामत यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांतील या विकाराचा अभ्यास केला. खोकला आणि धाप दोन्ही आजारांत असल्याने एकाला दुसरा समजण्याची चूक होऊ शकते. भरपाईच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा आहे, कारण बिसिनोसिसची नोंद कायद्यात व्यवसायजन्य आजार म्हणून आहे.

खाटेकडून घराकडे

औषध नव्हते तेव्हा चांगली हवा, विश्रांती आणि सकस आहार एवढाच क्षयावर उपाय होता. त्यासाठी पाचगणी, मिरज अशा ठिकाणी आरोग्यधामे निघाली. पाचगणीचे बेल-एअर डॉ. रुस्तुम बिलिमोरिया यांनी 1912मध्ये सुरू केले. महिनोन् महिने तेथे राहणे गिरणी कामगाराला परवडणारे नव्हते. त्याच्यासाठी शिवडीसारखी सार्वजनिक रुग्णालयेच होती.

1943मध्ये स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला, त्यानंतर 'पास' (पॅरा-अमिनोसॅलिसिलिक ॲसिड) आणि 1952मध्ये आयसोनियाझिड ही औषधे आली. क्षय बरा होऊ लागला, पण लाखो रुग्णांना वर्षभर ठेवण्याइतक्या खाटा देशात कधीच असणार नव्हत्या. त्यामुळे 1956मध्ये मद्रासला एक प्रयोग सुरू झाला. काही रुग्णांना आरोग्यधामात ठेवून, तर काहींना त्यांच्या गरीब वस्तीतल्या घरीच वर्षभर औषधे देण्यात आली. 1959मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. घरी औषध घेणारे रुग्ण जवळपास तितक्याच प्रमाणात बरे झाले होते आणि त्यांच्या घरच्यांना लागण होण्याचा धोकाही वाढला नव्हता. नेमाने औषध घेतले की रुग्णापासून होणारा संसर्ग लवकर थांबतो, हे त्याचे कारण. या प्रयोगाने जगभरातील आरोग्यधामांचा काळ संपवला. भारतात 1962मध्ये राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम सुरू झाला आणि उपचाराचे ठिकाण रुग्णालयाऐवजी जिल्हा केंद्र, दवाखाना आणि रुग्णाचे घर हे ठरले.

धोरण बरोबर होते, पण अंमलबजावणी कच्ची राहिली. औषधे मधूनच संपत आणि महिन्या-दोन महिन्यांत बरे वाटू लागले की रुग्ण गोळ्या सोडून देत. 1992च्या आढाव्यात या उणिवा उघड झाल्या. त्यातून सुधारित कार्यक्रम आखला गेला, 1993पासून मुंबईसह काही ठिकाणी तपासून पाहिला गेला आणि 1997मध्ये देशात सुरू झाला. आरोग्य कर्मचाऱ्यासमोर गोळी गिळायची ही त्याची पद्धत 'डॉट्स' नावाने घरोघर माहीत झाली. 2006पर्यंत तिने सारा देश व्यापला.

खासगी दवाखाना आणि हट्टी क्षय

खोकला लांबला की मुंबईतला कामगार आधी कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडे जातो. सरकारी दवाखान्यात रांगेत उभे राहायचे तर दिवसाचा रोज बुडतो. या खासगी उपचारांचा दर्जा धारावीतल्या दोन पाहण्यांनी दाखवून दिला. 1991मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे शंभर डॉक्टरांनी क्षयासाठी औषधांच्या 80 वेगवेगळ्या योजना लिहून दिल्या. 2010मध्ये हिंदुजा रुग्णालयाचे डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीच पाहणी पुन्हा केली. या वेळी 106 डॉक्टरांनी 63 योजना लिहिल्या आणि बरोबर चिठ्ठी होती फक्त सहांची.

चुकीची, अपुरी किंवा अर्ध्यावर सोडलेली औषधे नाजूक जंतूंना मारतात, चिवट जंतूंना मात्र मोकळे रान देतात. त्यातून औषधांना न जुमानणारा क्षय निर्माण होतो आणि पुढे तोच एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातो. 2012च्या सुरुवातीला हिंदुजा रुग्णालयातील काही रुग्णांवर उपलब्ध असलेले कोणतेच औषध लागू पडत नसल्याची बातमी जगभर गेली. 'पूर्ण औषधरोधी' ही संज्ञा सरकारने मान्य केली नाही, पण धोरणे वेगाने बदलली. त्याच वर्षी प्रत्येक क्षयरुग्णाची नोंद सरकारकडे करणे खासगी डॉक्टरांना बंधनकारक झाले आणि क्षयाच्या निदानासाठी केल्या जाणाऱ्या बेभरवशाच्या रक्तचाचण्यांवर बंदी आली.

निदानातही फरक पडला. पूर्वी बेडका सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला जाई. त्यात जंतू दिसला तरी तो औषधाला जुमानतो की नाही ते कळत नसे. आता जनुकीय चाचणीने काही तासांत जंतू सापडतो आणि रिफॅम्पिसिन हे क्षयावरचे मुख्य औषध त्याच्यावर चालेल की नाही तेही समजते. अशांपैकी ट्रूनॅट हे यंत्र गोव्यातल्या कंपनीचे आहे. ते बॅटरीवर चालत असल्याने लहान केंद्रातही नेता येते.

औषधरोधी क्षयाचा उपचार पूर्वी दोन वर्षांपर्यंत चाले. त्यातली इंजेक्शने महिनोन् महिने घ्यावी लागत आणि काही रुग्णांची श्रवणशक्ती त्यांमुळे कायमची जाई. बेडाक्विलिन हे नवे औषध 2016मध्ये मुंबईसह मोजक्या केंद्रांत मिळू लागले. त्यावर पेटंट होते. ते लांबवण्यासाठी कंपनीने केलेल्या अर्जाला क्षयातून बऱ्या झालेल्या पण ऐकू येणे गमावलेल्या दोन तरुणींनी हरकत घेतली. त्यांच्यापैकी एक मुंबईची, दुसरी दक्षिण आफ्रिकेतली. मार्च 2023मध्ये पेटंट कार्यालयाने अर्ज फेटाळला आणि भारतीय कंपन्यांना हे औषध स्वस्तात बनवण्याची वाट मोकळी झाली. 2024मध्ये सरकारने बेडाक्विलिनसह चार औषधांचा, तोंडाने घ्यायचा सहा महिन्यांचा उपचार मंजूर केला.

गोळीबरोबर घास

गोळी फुकट मिळाली तरी आजार फुकट जात नाही. बुडालेला रोज, प्रवास, निदानाआधी खासगीत झालेला खर्च आणि आहार यांचा भार कुटुंबावरच पडतो. 2018पासून निक्षय पोषण योजनेत उपचार चालू असेपर्यंत रुग्णाच्या बँक खात्यात दरमहा 500 रुपये जमा होऊ लागले. नोव्हेंबर 2024पासून ही रक्कम 1,000 रुपये झाली. आहाराला एवढे महत्त्व का, ते झारखंडमधील एका मोठ्या अभ्यासाने दाखवले. 2023मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात काही रुग्णांच्या घरातील सर्वांना शिधा देण्यात आला. ज्या घरांत फक्त रुग्णाला शिधा मिळाला, त्यांच्या तुलनेत या घरांतल्या इतर माणसांना क्षय होण्याचे प्रमाण 39 टक्क्यांनी कमी आढळले. म्हणजे अन्नाने रोग टाळताही येतो. भारताची योजना मात्र रुग्णाच्याच खात्यात पैसे घालते, आणि तेही रोग झाल्यानंतर.

उरलेला प्रश्न : खोली

गिरण्या 1982च्या संपानंतर एकेक करून बंद पडल्या आणि त्यांच्या जागी मॉल आणि मनोरे आले. क्षय मात्र गेला नाही. मुंबईतला त्याचा मोठा भार आता गोवंडी-मानखुर्दसारख्या पूर्व उपनगरांवर आहे. रस्ते-प्रकल्पांतल्या विस्थापितांसाठी तेथे बांधलेल्या लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड या वसाहतींत दोन इमारतींमधले अंतर जेमतेम काही मीटर आहे. 2018च्या एका पाहणीत तेथे ऊन आणि वारा न पोचणाऱ्या खालच्या मजल्यांवर क्षयाचे प्रमाण जास्त आढळले. दरम्यान वरळीच्या बीडीडी चाळींच्या जागी 500 चौरस फुटांची घरे उभी राहू लागली आहेत. शिवडीच्या चाळी बंदराच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या जमिनीवर असल्याने त्यांचा पुनर्विकास रखडला.

क्षयाचा कार्यक्रम आरोग्य खात्याचा आणि इमारतींमधले अंतर ठरवण्याचे काम नगरविकास खात्याचे. रुग्ण मोजले जातात एकाच्या नोंदवहीत, त्यांची खोली ठरते दुसऱ्याच्या नकाशावर. 1898मध्ये ट्रस्ट स्थापन करताना या दोन कामांचा संबंध सरकारला दिसला होता. आजच्या नियमांत तो क्वचितच दिसतो.

2025पर्यंत क्षयमुक्त होण्याचे उद्दिष्ट भारताने ठेवले होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2015मध्ये लाख लोकांमागे 237 नवे रुग्ण होते. 2024मध्ये ते 187 झाले. ही घट जगाच्या सरासरीपेक्षा वेगवान असली तरी उद्दिष्टापासून फार दूर आहे आणि जगातील दर चार क्षयरुग्णांपैकी एक आजही भारतात आहे. निदान आणि औषध यांत देशाने मोठी मजल मारली आहे. जेवणाच्या बाबतीत सुरुवात झाली आहे. घराच्या बाबतीत ती अजून व्हायची आहे.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, घटणारे वजन किंवा थुंकीतून रक्त यांपैकी काहीही आढळल्यास जवळच्या महापालिका किंवा सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी करून घ्यावी. तपासणी आणि औषधे दोन्ही तेथे मोफत मिळतात; आणि बरे वाटू लागले तरी ठरलेला काळ संपेपर्यंत गोळ्या सोडू नयेत.