मातीतील क्षार कसे मोजतात?

मुलांनो, नाशिक जिल्ह्यातील निफाड तालुका द्राक्षांसाठी प्रसिद्ध आहे. पण मातीत विरघळणारे क्षार वाढले, तर जमीन ओली असूनही वेलीच्या मुळांना पाणी नीट शोषता येत नाही. पाने कडेने करपतात. म्हणून शेतकरी माती तपासून घेतात.

प्रयोगशाळेत वाळवून चाळलेली २० ग्रॅम माती ५० मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाण्यात ढवळतात. हे पाणी वाफ थंड करून मिळवतात. साध्या पाण्यात आधीच क्षार असतात, म्हणून ते चालत नाही. पाण्यात क्षार जितके जास्त, तितकी वीज सहज वाहते. ही विद्युतवाहकता यंत्राने मोजतात. ती दर मीटरला १ डेसिसायमनपेक्षा कमी असेल, तर जमीन सर्वसाधारण समजतात.

पांढरा थर दिसेपर्यंत थांबू नये. माती वेळीच तपासली, तर चर खणून निचरा करता येतो आणि बाग वाचते.