डोळ्यात एकदा इंजेक्शन घेतलं, मग पुन्हा कशाला?

मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्याला सूज आली, की डोळ्यात इंजेक्शन घ्यायला सांगतात. पहिलं इंजेक्शन लोक घाबरत का होईना, घेतात. नजर थोडी सुधारते. मग दर वेळी खडवलीहून कल्याणची लोकल पकडा, मुलाला रजा टाकायला लावा, हे नकोसं होतं. "आता बरं दिसतंय, डॉक्टर," असं म्हणून बरेच जण पुढची तारीख चुकवतात. म्हणून आत काय चाललेलं असतं ते सांगतो.

पडद्याच्या पेशींना प्राणवायू भरपूर लागतो. वर्षानुवर्षं शुगर जास्त राहिली की तिथल्या बारीक रक्तवाहिन्या खराब होऊन बंद पडतात. प्राणवायू कमी पडल्याचं पेशीला कळतं ते 'हिफ-१' या प्रथिनामुळे. हा एक 'ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर', म्हणजे जनुकाचं बटण दाबणारं प्रथिन. पेशी त्याचा एक भाग सतत बनवते आणि प्राणवायू पुरेसा असेल तर काही मिनिटांत मोडूनही टाकते. प्राणवायू कमी झाला की हे मोडणं थांबतं. मग हिफ-१ पेशीच्या केंद्रकात जाऊन डीएनएला ठरावीक जागी चिकटतं आणि तिथली जनुकं जोरात कामाला लागतात. पेशी प्राणवायू कसा ओळखते, या शोधासाठी सेमेन्झा, रॅटक्लिफ आणि केलिन यांना २०१९ चं नोबेल मिळालं.

त्यातलं एक जनुक 'व्हीईजीएफ'चं. हा नव्या रक्तवाहिन्या वाढवणारा घटक. जखम भरताना तो उपयोगीच. डोळ्यात मात्र तो जास्त झाला की वाहिन्या झिरपतात, पडदा सुजतो. नव्या वाहिन्या नाजूक असतात, त्या फुटून डोळ्यात रक्तस्रावही होतो.

इंजेक्शन तयार झालेल्या व्हीईजीएफला पकडून निकामी करतं. बटण ते बंद करत नाही. काही आठवड्यांत औषधाचा असर ओसरतो आणि प्राणवायूला आसुसलेल्या पेशी व्हीईजीएफ बनवतच असतात. म्हणून सुरुवातीला साधारण दर महिन्याला बोलावतात, पुढे पडद्याची ओसीटी तपासणी पाहून अंतर वाढवतात. काहींना लेसर लागतो. त्यात पडद्याच्या कडेचा भाग जाळतात, त्यामुळे प्राणवायूची मागणीच कमी होते.

इंजेक्शननंतर डोळ्याच्या पांढऱ्या भागावर लाल डाग दिसला तर बहुधा काळजीचं कारण नसतं. पण दुखणं वाढत गेलं किंवा नजर कमी झाली तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. अलीकडे हार्ट अटॅक किंवा पक्षाघात येऊन गेला असेल, तर तेही त्यांना आधीच सांगा. आणि तारीख चुकलीच असेल, तर फोन करून नवी घ्या.