निंबोळीतला कडूपणा आपल्या अंगणातच टिकतो!



मृग जवळ आला की आपल्या राजापूर, नगरसूल, अंदरसूलच्या बांधांवर निंबोळ्यांचा सडा पडतो. गेल्या महिन्यात एका ग्रामसंघाच्या बैठकीत एक विक्रेता आला होता. "निंबोळीचा अर्क काढायचं छोटं मशीन घ्या, गटाच्या नावावर कर्ज होईल, औषध कंपन्या दारात येतील," असं त्याने सांगितलं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मला नीट उत्तर देता आलं नाही. म्हणून वाचून, विचारून हा लेख लिहिते आहे.

निंबोळीत असतं तरी काय?

१९५९ साली सुदान देशात टोळधाड आली. टोळांनी सगळी झाडं बोडकी केली, पण कडुनिंबाला तोंड लावलं नाही. ही गोष्ट श्मुटेरर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने टिपली. पुढे १९६८ मध्ये इंग्लंडमध्ये निंबोळीतून तो पदार्थ वेगळा काढला गेला. त्याचं नाव अझाडिरॅक्टिन. तो पोटात गेला की अळी खाणं सोडते, तिला नीट कात टाकता येत नाही, वाढ थांबते. म्हणून फवारल्यावर अळी लगेच मरत नाही. "औषध लागू झालं नाही" असं दुसऱ्याच दिवशी म्हणू नका, चार दिवस थांबा.

हा पदार्थ बीच्या टरफलाआतल्या मगजात असतो, आणि तोही किलोमागे साधारण दोन ते सहा ग्रॅमच. प्रयोगशाळेत तो बनवायला केंब्रिजच्या शास्त्रज्ञांना २२ वर्षं लागली, २००७ साली जमलं. पण ती कृती इतकी लांबलचक आहे की कारखान्याला आजही झाडाखालची बीच परवडते. आपली निंबोळी विकली जाते ती म्हणूनच.

कारखान्यात काय करतात?

आधी टरफल काढून मगज दळतात. मगजात जवळजवळ निम्मं तेल असतं. हाताला लागलेलं ऑइल पाण्याने निघत नाही, रॉकेलने निघतं ना? तसंच हेक्झेन नावाच्या द्रवाने मगजातलं तेल धुऊन काढतात. अझाडिरॅक्टिन हेक्झेनमध्ये फारसं विरघळत नाही, ते पेंडीतच राहतं. मग ती पेंड मिथेनॉलमध्ये भिजवतात, त्यात ते उतरतं.

हा झाला कच्चा अर्क. त्यात साखर, रंग, डिंक असं बरंच काही असतं. मग पाणी आणि पाण्यात न मिसळणारा दुसरा द्रव घालून ढवळतात. आमटीवर तर्री तरंगते तसे दोन थर होतात. साखर-डिंक पाण्यात राहतं, अझाडिरॅक्टिन दुसऱ्या थरात जातं. तो थर वेगळा करून हवेचा दाब कमी ठेवून, म्हणजे मंद उष्णतेवरच, आटवतात. कारण जास्त तापलं की मालच खराब होतो. शेवटी त्यात हेक्झेन घातलं की भुकटी खाली बसते. प्रत्येक टप्प्यावर यंत्रावर तपासणी होते.

कृषी केंद्रातल्या बाटलीवर १५०० पीपीएम लिहिलेलं असतं. याचा अर्थ दहा लाख भागांत १५०० भाग, म्हणजे एक किलो औषधात दीड ग्रॅम. १०,००० पीपीएम म्हणजे किलोत दहा ग्रॅम.

मग मशीन घ्यायचं का?

माझं मत स्पष्ट आहे, नको. हेक्झेन पेट्रोलसारखं पेटतं आणि त्याची वाफ जमिनीलगत पसरते. शेजारच्या खोलीतल्या चुलीपर्यंत पोचली तरी भडका उडतो. मिथेनॉल पोटात गेलं तर डोळे जातात, जीवही जातो. तयार औषध विकायला कीटकनाशक कायदा, १९६८ प्रमाणे नोंदणी आणि परवाना लागतो. आणि नुसता तेलघाणा घेतला तर तेल मिळेल, पण अझाडिरॅक्टिनचा बराच भाग पेंडीतच राहील. मशीन विकणारा यातलं काहीच बोलला नव्हता. हप्ता मात्र आपल्याला भरावा लागला असता.

आपल्या हातात काय आहे?

कारखाना बीत असलेलंच काढतो, नसलेलं घालू शकत नाही. हे मी चुकून शिकले. मागच्या वर्षी एका गटाला पाऊस येतोय म्हणून मीच सांगितलं, "खताच्या प्लास्टिक गोण्यांत भरून ठेवा." पंधरा दिवसांनी तोंड सोडलं तर आत बुरशी. चार पोती मातीमोल गेली. एक आजी एवढंच म्हणाल्या, "पोरी, ओलं धान्य कोणी कोंडतं का गं?" त्यांना जे माहीत होतं, ते मी विचारलंच नव्हतं.

तर यंदा असं करूया:

१. पिवळी, ताजी पडलेली निंबोळी रोज वेचा. काळी पडलेली, मातीत रुतलेली घेऊ नका. झाडाखाली जुनी साडी अंथरली तर काम सोपं होतं.
२. त्याच दिवशी साल-गर चोळून काढा, बी स्वच्छ धुवा.
३. थोडं ऊन दाखवून पुढे सावलीत, वाऱ्यावर पातळ थरात वाळवा. कडक ऊन कडूपणा कमी करतं.
४. बी हलवली की आत खुळखुळ वाजली पाहिजे. मगच गोणपाटात भरा. पोती जमिनीवर नको, फळीवर ठेवा.
५. प्रत्येक पोत्याला चिठ्ठी लावा: कधी वेचली, कधी भरली, कोणी वाळवली.

घरच्या मक्यासाठी

लष्करी अळीवर पाच टक्के अर्क आपण घरीच करू शकतो. त्याला फक्त पाणी लागतं. पाच किलो वाळलेल्या निंबोळीची भरड दहा लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी फडक्यातून गाळा. दोनशे ग्रॅम साबणाचा चुरा वेगळा विरघळवून फवारणीच्या वेळीच मिसळा, आदल्या रात्री नको. एकूण शंभर लिटर करा, संध्याकाळी फवारा, त्याच दिवशी संपवा. आठ-दहा महिन्यांपेक्षा जुनी बी वापरू नका.

चिठ्ठीला हसू नका

१९९४ मध्ये निंबोळी तेलाच्या बुरशीनाशक वापरावर अमेरिकेचं कृषी खातं आणि एका कंपनीला युरोपात पेटंट मिळालं होतं. भारतातून विरोध झाला. पुणे आणि सांगली जिल्ह्यांत १९८५-८६ मध्ये झालेल्या चाचण्यांची साक्ष अभय फडके यांनी दिली आणि २००० साली पेटंट रद्द झालं. २००५ मध्ये त्यांचं अपीलही फेटाळलं गेलं. आपल्या आज्यांना सगळं माहीत होतं, पण तिथे कामी आली ती कधी, कुठे, काय केलं याची साक्ष. आपल्या पोत्यावरच्या चिठ्ठीचंही तसंच आहे. व्यापाऱ्याने "माल जुना आहे" म्हटलं, तर ती चिठ्ठी आपल्या बाजूने बोलेल.

पुढच्या बैठकीला येताना मूठभर वाळलेली निंबोळी घेऊन या. फोडून बघू, कोणाचा मगज हिरवट-पिवळा आहे आणि कोणाचा काळा. आणि ज्यांच्या घरी आजी आहेत, त्यांनी आजींनाही घेऊन या. यंदा मी आधी त्यांचं ऐकणार आहे.

– तुमची क्षेत्र समन्वयक