हात शाबूत, कान गेले

गोंगाटाने माणूस बहिरा होतो, हे वैद्यकाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीलाच इटलीतले वैद्य रामाझ्झिनी यांनी व्हेनिसच्या तांबटांचे कान घणाच्या आवाजाने निकामी होतात, अशी नोंद केली होती. 1886 मध्ये ग्लासगोच्या डॉ. थॉमस बार यांनी बॉयलर बनवणाऱ्या शंभर कामगारांचे कान तपासले, तर त्यांत एकाचीही श्रवणशक्ती पुरती शाबूत निघाली नाही. तरीही आपल्याकडे गोंगाटाने कान गमावलेल्या कामगाराला भरपाई मिळाल्याची पहिली घटना म्हणून वैद्यकीय लिखाणात 1996 हे वर्ष दिलं जातं. मधल्या काळाचा मागोवा घेतला, तर अडचण अज्ञानाची नव्हती, हे दिसतं. ज्या मापाने आपण भरपाई मोजत आलो, ते मापच या दुखापतीला लागू पडत नव्हतं.

1923 चा कामगार भरपाई कायदा 1 जुलै 1924 पासून लागू झाला, तो अपघात डोळ्यांपुढे ठेवून. अंगठा तुटला तर कमाईची क्षमता 30 टक्के घटली, पूर्ण तर्जनी गेली तर 14 टक्के, असं त्याचं परिशिष्ट सांगतं. संपूर्ण बहिरेपण 100 टक्क्यांत बसतं. पण अर्धंमुर्धं ऐकू येणाऱ्याला त्यात ठरलेला आकडाच नाही. पुढे ‘गोंगाटाने येणारा श्रवणदोष’ व्यावसायिक आजारांच्या यादीत आला. एकाच मालकाकडे सलग सहा महिने नोकरी झाली असेल, तर दावा करता येतो. पण टक्केवारी ठरते ती पुन्हा कमाई किती बुडाली यावरूनच. साच्यावर उभा असलेला विणकर बहिरा झाला तरी त्याचे हात चालतात, पगार सुरू राहतो. मग बुडालं काय, असा सवाल मालकाचा वकील करतो आणि दावा तिथेच लंगडा पडतो.

बुडतं ते कानाच्या आत. शेकडो साचे एकाच वेळी धडधडत असलेल्या खात्यात धोट्याच्या प्रत्येक फटक्याचा मार अंतःकर्णातल्या केशपेशींवर बसतो. आधी 4000 हर्ट्झच्या आसपासचा आवाज जातो. श्रवणालेखाची रेघ तिथे खाली उतरते आणि पुढे पुन्हा थोडी वर येते. त्या वेळी कामगाराला काहीच जाणवत नाही. मग स, श, फ यांसारखे वर्ण पुसट होतात. बोलणं ऐकू येतं, पण समजत नाही. काहींच्या कानात रात्रंदिवस शिट्टी वाजत राहते. स्फोटाने फाटलेला कानाचा पडदा बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपोआप भरून येतो, नाही तर शस्त्रक्रियेने सांधता येतो. मेलेल्या केशपेशी मात्र परत येत नाहीत. श्रवणयंत्र आवाज वाढवतं, पण हरवलेली स्पष्टता पूर्ण परत देत नाही. म्हणून इथे प्रतिबंध हाच खरा इलाज आणि भरपाई हा त्या प्रतिबंधाला धार देणारा हिशेब आहे.

तारखेचा पेचही याच मुळातून आलेला आहे. दाव्याची मुदत दोन वर्षं. आणि आजाराच्या बाबतीत अपघाताचा दिवस म्हणजे कामगार त्यामुळे सलग गैरहजर राहू लागला तो पहिला दिवस. बहिरा होत चाललेला माणूस तर एकही खाडा करत नाही. अशांसाठी, मालकाला नोटीस दिल्यापासून मुदत मोजावी, अशी सोय कायद्यात झाली. पण आपल्याला कमी ऐकू येतं हे ज्याला तपासणीशिवाय कळत नाही, तो नोटीस कधी देणार? इतर देशांनी मापच बदललं. न्यूयॉर्कमध्ये 1948 च्या स्लाविन्स्की खटल्यात मजुरी न बुडताही श्रवणहानीची भरपाई मान्य झाली. ब्रिटनने 1974 मध्ये औद्योगिक बहिरेपण भरपाईच्या यादीत घेतलं. तिथे गमावलेली शारीरिक क्षमता पाहतात, पगाराची चिठ्ठी नव्हे. सुरुवातीच्या अटी कडक होत्या: वीस वर्षांची नोकरी आणि 50 डेसिबलची हानी. पुढे नोकरीची अट दहा वर्षांवर आली.

अशा भरपाईवरचा पहिला आक्षेप वजनदार आहे: वयानेही कान मंदावतात, लाउडस्पीकरनेही बिघडतात, मग दोष कारखान्याचाच कसा? वयाचा वाटा खरा आहे आणि तो वजा करता येतो. मात्र त्यासाठी कामावर रुजू होतानाचा श्रवणालेख हाताशी हवा. तो काढण्याची साधनं मालकाकडे असतात, कामगाराकडे नसतात. दुसरा आक्षेप असा की कानात घालायचे बोळे देऊनही कामगार ते घालत नाहीत. उकाड्यात, दमट हवेत आठ तास बोळे घालणं त्रासाचं असतं. आणि मुळात यंत्राचा आवाज कमी करणं ही पहिली जबाबदारी आहे, बोळे शेवटची. तिसरा आक्षेप भिवंडी-इचलकरंजीच्या छोट्या यंत्रमागधारकाचा: एवढा बोजा मी कसा पेलू? त्याची अडचण खोटी नाही. पण तिचं उत्तर सामायिक विमा आहे, कर्मचारी राज्य विमा योजनेच्या धर्तीवरचा. कामगाराने नुकसान मुकाट सोसावं, हे उत्तर नव्हे.

गोंगाटाच्या नियमांत आठ तासांसाठी 90 डेसिबलची मर्यादा आहे. अमेरिकेतली नियोश ही संशोधन संस्था 85 ची शिफारस करते. आकडा खाली आणायलाच हवा, पण तेवढ्याने भागणार नाही. अंशतः बहिरेपणाला परिशिष्टात अंगठ्यासारखी स्वतःची टक्केवारी हवी, पगार चालू असला तरी मिळणारी. रुजू होताना आणि दरवर्षी काढलेला श्रवणालेख कामगाराच्या हाती दिला जावा. मालकाने तो ठेवलाच नसेल, तर नुकसान कामामुळेच झालं असं कायद्याने गृहीत धरावं. तपासणी टाळणं महाग पडू लागलं, तरच ती दरवर्षी होईल. आणि दरवर्षी झाली, तर कान जाण्याआधी यंत्राकडे लक्ष जाईल.